भिजलेले दाणे आणि पुराचा डबा

ऑगस्ट २०१९ मधली गोष्ट. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते आणि नदीकाठची गावेच्या गावे शाळांतून आणि मंगल कार्यालयांतून राहत होती. पाणी ओसरल्यावर आम्ही दोघे-तिघे डॉक्टर गावोगाव औषधे घेऊन फिरत होतो. एका घरासमोर सत्तरीच्या एक आजी ओटीवर चादर पसरून काहीतरी वाळवत बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी मूठ पुढे केली.

"डाक्टर, ह्ये बघा. दाणं भिजल्यात. वाळवून खरपूस भाजलं तर चालतंय की न्हाई?"

मुठीतल्या दाण्यांचे टरफल सुरकुतले होते, काहींवर हिरवट-पिवळी पावडर धरली होती. मी म्हटले, "आजी, हे टाकून द्या."

"टाकू कसं? वर्साचं हाय. पोरानं येक पोतं बियाणाला ठिवलं हुतं, त्ये बी ह्यातच."

घरातले धान्य, अंथरूण, नातवंडांची पुस्तके सगळे गेलेले. हाती एवढेच राहिले होते आणि तेही मी टाकायला सांगत होतो. थोडा वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "बरं, मान्साला न्हाई. म्हशीला घालू?"

या प्रश्नाला त्या दिवशी मी नीट उत्तर देऊ शकलो, कारण चौदा वर्षांपूर्वी मी चुकीचे उत्तर दिले होते. २००५ च्या पुरानंतर असाच प्रश्न माझ्या दवाखान्यात किमान पाच-सहा जणांनी विचारला होता आणि मी प्रत्येकाला सांगितले होते, "चांगले ऊन द्या, खमंग भाजा, काही होत नाही." उष्णतेने जंतू मरतात एवढे पाठ होते, विष आणि जंतू यांतला फरक त्या घाईत माझ्या लक्षात आला नाही. वाचकहो, पाऊस तोंडावर आला आहे. उन्हाळी भुईमूग नुकताच निघाला आहे किंवा निघतो आहे. तेव्हा ही चूक दुरुस्त करण्याची हीच वेळ आहे.

खवटपणा वेगळा, बुरशी वेगळी

दाणे दोन तऱ्हांनी बिघडतात आणि आपण दोन्हींना "खराब झाले" एवढेच म्हणतो. पहिली तऱ्हा खवटपणाची. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. हवा, उजेड आणि उष्णता यांनी ते तेल बिघडते आणि तो ओळखीचा उग्र वास येतो. असे दाणे खाऊन मळमळेल, घसा खवखवेल, पोट बिघडेल. ते खाऊ नयेतच, पण चुकून चार दाणे गेले म्हणून घाबरून दवाखाना गाठायचे कारण नाही. शिवाय नाक आणि जीभ इथे इमानदारीने काम करतात. खवट दाणा लपत नाही.

दुसरी तऱ्हा बुरशीची आणि ती लबाड आहे. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची एक बुरशी मातीत सगळीकडे असते. भुईमुगाची शेंग मातीतच पोसते, त्यामुळे दोघींची गाठ जन्मापासूनची. दाणा कोरडा असेल तर ती काही करू शकत नाही. दाण्यातला ओलावा शंभरात सात भागांच्या वर गेला, हवा उबदार असली, की ती वाढते आणि वाढताना अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. या नावातला 'अ' आणि 'फ्ला' त्या बुरशीच्याच नावातून आले आहेत.

हे विष सापडले ते पक्ष्यांमुळे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी (कोंबडीसारखाच, पण मोठा) पटापट मेले. रोग कोणता हे कळेना. शेवटी शोध लागला की त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती आणि ती बुरशीने भरलेली होती. आपल्या देशात १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी भागात, बांसवाडा आणि पंचमहाल जिल्ह्यांत, दोनशेहून अधिक गावांत काविळीची साथ आली. ३९७ माणसे आजारी पडली, १०६ दगावली. तिथे धान्य मक्याचे होते, पण गोष्ट आपल्यासारखीच: अवेळी पाऊस, भिजलेली कणसे, तशीच साठवण आणि घरात दुसरे खायला काही नाही. त्या गावांतली कुत्रीही तशीच मेली होती.

एवढा मोठा डोस क्वचितच पोटात जातो. नेहमीचा धोका थोड्या थोड्या विषाचा आहे, जे वर्षानुवर्षे यकृतावर काम करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. ज्याला हिपॅटायटिस बी ची जुनी लागण आहे त्याच्यात हा धोका कितीतरी पटींनी वाढतो, आणि ती लागण आहे हे बहुतेकांना ठाऊकही नसते. कायद्याने या विषाची मर्यादा ठरवली आहे ती ग्रॅममध्ये नव्हे, मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात. त्यावरून त्याची ताकद कळावी.

आता भाजण्याचे. कढईत दाणे भाजताना बुरशी मरते हे खरे, पण तिने करून ठेवलेले विष पुष्कळसे टिकते. अफ्लाटॉक्सिन पुरते मोडायला अडीचशे अंशांच्या पुढची उष्णता लागते. तेवढ्यात आपल्या दाण्यांचा कोळसा झालेला असेल. उन्हात वाळवूनही झालेले विष जात नाही. घाण्यावर तेल काढले तर थोडे विष तेलात आणि बहुतेक पेंडीत उतरते. आणि ती पेंड म्हशीला घातली, की एका दिवसाच्या आत ते रूप बदलून दुधात येते. दूध उकळून ते जात नाही. म्हणजे आजींनी दाणे नातवंडांना न देता म्हशीला दिले असते, तरी ते फिरून नातवंडांच्याच पेल्यात आले असते. हे त्यांना मी ओटीवर बसून असेच सांगितले. त्यांनी मुलाला हाक मारली आणि परसात खड्डा काढायला लावला. असे दाणे खोल पुरावेत, उकिरड्यावर टाकू नयेत. कोंबड्या आणि जनावरे तिथे येतात. हाताळताना तोंडाला फडके बांधावे.

सगळेच भिजलेले दाणे टाकायचे का, असे विचाराल तर उत्तर असे. पुराच्या पाण्यात बुडालेले टाकायचेच, कारण बुरशीचे सोडा, त्या पाण्यात गटार आणि मेलेली जनावरे होती. काढणीच्या वेळी वळवाच्या सरीत शेंगा भिजल्या आणि त्याच दिवशी पसरून वाळायला लागल्या, तर पीक वाचते. ओल्या शेंगांचा ढीग घालून वर ताडपत्री टाकणे हे मात्र बुरशीला आमंत्रण. आत वाफ धरते आणि दोन दिवसांत काम होते.

तरीही डब्यात दाणेच

इतके वाचून कुणी म्हणेल, मग दाणे घरात ठेवायचेच कशाला? माझे म्हणणे नेमके उलट आहे. पुराच्या दिवसांसाठी घरात एकच जिन्नस ठेवायचा झाला तर मी शेंगदाणे सांगेन. शंभर ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेहून अधिक कॅलरी आणि सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. चूल नको, गॅस नको, भिजवायला पाणी नको. पूर आला की तांदूळ-पीठ घरात असून उपाशी राहावे लागते, कारण शिजवणार कुठे आणि कशात?

पाणी न लागणे ही गोष्ट किती मोठी, हे जगाला शेंगदाण्यानेच शिकवले. अतिशय कुपोषित मुलांना पूर्वी पावडरीचे खास दूध देत. ते पाण्यात कालवावे लागे आणि पाणी घाण असले की त्यातून जुलाब. १९९६ साली फ्रान्समध्ये आंद्रे ब्रियाँ या बालरोगतज्ज्ञाने आणि मिशेल लेस्कान या आहार-अभियंत्याने शेंगदाण्याचे लोणी, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वे आणि क्षार एकत्र करून एक घट्ट खाद्य बनवले. त्याचे नाव 'प्लम्पी-नट'. ९२ ग्रॅमच्या एका पुडीत ५०० कॅलरी. पुडी फोडायची आणि मुलाने चोखायची. त्यात पाणी जवळजवळ नसल्यामुळे जंतू वाढत नाहीत. २००५ च्या आफ्रिकेतल्या नायजरच्या उपासमारीत हजारो मुलांवर घरच्या घरी उपचार झाले ते या पुडीवर. (दुकानातले पीनट बटर म्हणजे हे औषध नव्हे. कुपोषित मुलाला ते देऊन घरी बसू नका, दवाखान्यात आणा.)

आपल्या घरच्यासाठी हिशेब असा: माणशी दिवसाला दीडशे ग्रॅम दाणे आणि शंभर ग्रॅम गूळ. यातून बाराशेच्या वर कॅलरी मिळतात. पोटभर जेवण ते नव्हे, पण बोट येईपर्यंत तीन दिवस धडधाकट माणूस यावर निभावून नेतो. पाच माणसांच्या घराला तीन दिवसांसाठी सव्वादोन किलो दाणे आणि दीड किलो गूळ. सोबत पिण्याचे पाणी माणशी दिवसाला तीन लिटर धरा. दाणे खारे नकोत, तहान वाढते. आणि दाण्यावर पाणी प्यायले की खोकला होतो, ही आपल्याकडची समजूत निदान त्या तीन दिवसांत बाजूला ठेवावी. पाणी पिऊ नका म्हणून पोरांना दटावणाऱ्या आज्या मी शिबिरात पाहिल्या आहेत.

डबा भरताना

निवडणे हे सगळ्यात महत्त्वाचे काम आणि त्याला कुठलेही यंत्र लागत नाही. अफ्लाटॉक्सिन पोत्यातल्या सगळ्या दाण्यांत सारखे पसरलेले नसते. ते बहुतांशी सुरकुतलेल्या, फुटक्या, काळपट, किडक्या दाण्यांत साठलेले असते. परातीत दाणे घेऊन असे दाणे वेचून काढले तर धोका मोठ्या प्रमाणात कमी होतो. आपल्या आया-आज्या दुपारी बसून हेच करत होत्या. खाताना कडवट लागलेला दाणा गिळू नये, थुंकून टाकावा. त्यात लाज कसली?

निवडलेल्या दाण्यांना दोन-तीन कडक उन्हे द्यावीत. दाणा दोन बोटांत चोळला की साल सुटली पाहिजे आणि दाताखाली कटकन तुटला पाहिजे. मग ते सावलीत पूर्ण गार होऊ द्यावेत. गरम दाणे डब्यात भरून झाकण लावले, की आत घाम येतो आणि केलेले सगळे फुकट. डबा स्टीलचा किंवा पत्र्याचा, घट्ट झाकणाचा, कोरडा. दाणे काठोकाठ भरावेत, म्हणजे आत हवा कमी राहते. झाकणावर तारखेची चिठ्ठी चिकटवावी.

डबा कुठे ठेवायचा, याबाबत आमच्या घरी माझी फजिती झाली आहे. पूर म्हणजे उंच जागा, या हिशेबाने मी डबा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवला. तिथे मे महिन्यात भट्टी असते. जुलैत उघडला तर खवट वास घरभर. डबा घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या खोलीत ठेवावा आणि पाणी वाढू लागले की कागदपत्रांच्या पिशवीसोबत वर न्यावा. सव्वादोन किलोला हमाल लागत नाही.

कच्चे दाणे आपल्या हवेत तीन-चार महिने चांगले राहतात. भाजलेले महिनाभर. टरफलासकट वाळलेल्या शेंगा सर्वांत जास्त, सहा-आठ महिने, पण त्यांना जागा लागते आणि पुरात उचलायला अवघड. म्हणून पोते शेंगांचे ठेवा, फळीवर, भिंतीपासून हातभर दूर. आणि डबा दाण्यांचा. डबा मेअखेर भरला तर खरिपाचा नवा दाणा आला की बदलता येतो. मधे भोके आणि जाळी दिसतात का ते महिन्यातून एकदा पाहावे.

जाळी आणि किड्यांवरून एक कळकळीची सूचना. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या काही दुकानांत अजून सुट्या मिळतात. त्यातून फॉस्फिन नावाचा वायू निघतो. त्यावर उतारा नाही. झोपायच्या खोलीत अशी गोळी टाकलेले पोते होते आणि सकाळी घरातली मुले उठली नाहीत, अशा बातम्या याच वर्तमानपत्रांतून तुम्ही वाचल्या असतील. राहत्या घरात ती गोळी आणूच नये. कडक ऊन आणि घट्ट झाकण एवढे पुरते.

पीनट बटर आता तालुक्याच्या गावीही मिळते आणि तरुण मंडळी व्यायामाच्या निमित्ताने खातात. म्हणजे काय, तर भाजलेल्या दाण्यांचे तेल सुटेपर्यंत वाटण. सीलबंद बरणी छापील तारखेपर्यंत राहते आणि दात नसलेल्या वृद्धांना सोयीची आहे. वर तेल तरंगले म्हणजे बिघडले असे नव्हे, ढवळून घ्यावे. घेताना साखर आणि मीठ किती घातले आहे ते वाचावे. घरी मिक्सरवर केले तर पाण्याचा थेंब लागू देऊ नये, चमचाही कोरडा हवा, आणि महिन्याच्या आत संपवावे. कोरड्या लोण्यात जंतू वाढत नाहीत, पण शिरलेले जिवंत राहू शकतात. २००८-०९ साली अमेरिकेत एका कारखान्याच्या शेंगदाणा-मालातून साल्मोनेला पसरला, सातशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि नऊ दगावली. म्हणून हात आणि भांडी स्वच्छ. आमच्या घरी मात्र दाण्याचा कूट आणि गूळ यांचे लाडूच होतात. काम तेच, किंमत निम्म्याहून कमी.

कुणाला द्यायचे नाहीत

पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा द्यायचा नाही. भाजका नाही, उकडलेला नाही, चिक्कीतलाही नाही. शिबिरात कुणी प्रेमाने वाटलेल्या खाऊच्या पुडीतला दाणा अडीच वर्षांच्या एका मुलाच्या श्वासनलिकेत गेला होता. आधी जोराचा ठसका लागला, मग तो शांत झाला, म्हणून आईला वाटले की उतरला. रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन दुर्बिणीने दाणा काढावा लागला. रस्ते नुकतेच मोकळे झाले होते म्हणून नेता तरी आले. दाणे खाताना ठसका लागला आणि नंतर मूल बरे दिसले, तरी दाखवून घ्यावे. घास अडकून मूल निळे पडू लागले तर घशात बोट घालून चाचपडू नये, दाणा आणखी आत जातो. मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोरात पाच थापा माराव्यात. लहानांना दाणे द्यायचे तर बारीक कूट, गुळात मऊ मळलेला, छोट्या घासाने आणि बसवून. पळताना नव्हे.

दाण्यांची अ‍ॅलर्जी आपल्याकडे कमी दिसते, पण असते. खाल्ल्यावर अंगावर गांधी, ओठ सुजणे, दम लागणे असे झाले तर वेळ न घालवता इंजेक्शनची सोय असेल तिथे न्यावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. मधुमेही मंडळींना दाणे चांगले, साखर एकदम वाढत नाही. पण गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्यामुळे साखर उतरली, घाम फुटला, हात थरथरले, तर तिथे दाणे कामाचे नाहीत. ते फार सावकाश पचतात. तेव्हा गूळ किंवा साखर द्यायची. डब्यात गूळ सांगितला त्याचे हेही एक कारण आहे.

आमच्या घरी या रविवारी डबा भरला. सौ.ने निवडले, मी उन्हात राखण केली, कावळ्यांनी मूठभर नेले. दरवर्षी आषाढी एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीसाठी कूट कमी पडतो आणि हात पुराच्या डब्याकडे जातो. गेल्या वर्षी तो अर्धा रिकामा निघाला. म्हणून यंदा खिचडीचा डबा वेगळा केला आहे आणि त्यावरही चिठ्ठी लावली आहे.